टॅबरचना आणि आशयाची विभागणी : सातबारा उताऱ्याच्या आधारे एक विवेचन

सारांश

संगणकीय प्रणालींच्या पडद्यावर मोठ्या प्रमाणातील माहिती मर्यादित जागेत मांडण्यासाठी टॅबचा वापर सर्रास केला जातो. टॅबमुळे पडदा सुटसुटीत दिसतो. परंतु एक टॅब उघडला की उर्वरित टॅबखालील मजकूर दृष्टीआड होतो. त्यामुळे कोणता मजकूर वेगळ्या टॅबखाली ठेवावा आणि कोणता एकत्र ठेवावा, हा निर्णय केवळ सजावटीचा राहत नाही. प्रस्तुत लेखात टॅबची पूर्वपीठिका, त्याची कार्यपद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले असून, महसुली अभिलेखांतील गाव नमुना ७ व गाव नमुना १२ यांच्या एकत्रित उताऱ्याच्या आधारे विभागणीचे एक व्यवहार्य तत्त्व मांडले आहे. हे तत्त्व महाविद्यालयीन संकेतस्थळे व अर्जप्रणाली यांना कसे लागू करता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : टॅब, इंटरफेस, आशयाची विभागणी, सातबारा, गाव नमुने, सुगम्यता.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या अध्यापनविषयक व कार्यालयीन कामकाजात संगणकाच्या पडद्याचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. प्रवेशअर्ज, परीक्षाअर्ज, गुणनोंद, ग्रंथसूची, मूल्यांकनाचा अहवाल अशा कामांसाठी जे पडदे वापरले जातात, त्यांच्या माथ्यावर बहुधा शीर्षकांची एक आडवी पट्टी असते. ‘वैयक्तिक माहिती’, ‘शैक्षणिक माहिती’, ‘कागदपत्रे’, ‘शुल्क’ यांसारख्या या शीर्षकांपैकी एकावर टिचकी मारली की त्याखालील मजकूर पुढे येतो आणि आधीचा मजकूर मागे जातो. या शीर्षकांना टॅब असे म्हणतात.

टॅब वापरणे सोपे असल्याने तो योजणेही सोपे आहे, असा समज रूढ आहे. पडद्यावर गर्दी झाली की मजकुराचे चार-पाच भाग पाडून प्रत्येकाला एक टॅब द्यावयाचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आढळते. या पद्धतीत मजकुराच्या लांबीचा विचार होतो; वाचणाऱ्याच्या प्रश्नाचा होत नाही. परिणामी, ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहावयाच्या असतात त्या दोन वेगळ्या टॅबखाली जातात आणि वापरकर्ता त्यांपैकी एकीला मुकतो.

विभागणीचा हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी जपून ठेवलेला सातबारा उतारा हे या प्रश्नाचे कागदावर दिलेले एक उत्तर होय. म्हणून टॅबचे तांत्रिक स्वरूप समजून घेतल्यानंतर या परिचित दस्तऐवजाच्या आधारे विभागणीचे तत्त्व तपासणे उपयुक्त ठरेल.

२. टॅबची पूर्वपीठिका

टॅब ही कल्पना कार्यालय आणि ग्रंथालय यांतून आलेली आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या लायब्ररी ब्यूरो या संस्थेने ग्रंथालयांना व पुढे व्यापारी कार्यालयांना सूचिपत्रे व पत्रपेट्या पुरविल्या. सूचिपत्रांची संख्या वाढली तसा हवे ते पत्र चटकन सापडण्याचा प्रश्न निर्माण झाला. १८९० च्या दशकात जेम्स न्यूटन गन यांनी पत्राच्या वरच्या कडेला थोडा भाग उंच ठेवून त्यावर अक्षर किंवा विषय लिहिण्याची युक्ती योजली. पेटीतील सर्व पत्रे एकामागे एक दडलेली असली तरी त्यांचे उंच कान मात्र एकाच वेळी दिसत. हाच टॅबचा मूळ अवतार होय.

आपल्याकडील व्यवहारातही याच जातीच्या सोयी परिचित आहेत. खतावणीच्या आरंभीच्या पानांची उजवी कड पायऱ्यांसारखी कापून त्यावर आद्याक्षरे छापलेली असत. शासकीय नस्तीत संदर्भाच्या कागदाला कागदी पताका लावून टिपणीत त्या पताकेचा उल्लेख केला जातो. या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे : आत काय काय आहे हे न उघडताच कळते आणि उघडल्यावर नेमके एकच पान समोर येते.

संगणकाच्या पडद्यावर ही कल्पना १९८० च्या दशकापासून येऊ लागली व १९९० च्या दशकात स्थिरावली. क्वात्रो प्रो या आकडेपत्रक प्रणालीने १९९२ च्या सुमारास एका वहीतील अनेक पत्रकांना तळाशी टॅब दिले. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मधील गुणधर्म दाखविणाऱ्या चौकटींमुळे टॅब घरोघरी पोहोचले. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत तर पारंपरिक मेनूंची जागा टॅबयुक्त रिबनने घेतली.

महाजालावरील एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेझॉन या विक्रीसंस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुस्तके, संगीत इत्यादी विभागांसाठी पृष्ठाच्या माथ्यावर टॅब ठेवले होते. सुरुवातीस ही रचना आदर्श मानली गेली. विभाग वाढत गेले तसे टॅबही वाढत गेले, २००० च्या सुमारास त्यांच्या दोन रांगा झाल्या आणि पुढे ही पद्धत सोडून द्यावी लागली. टॅबची पट्टी मर्यादित रुंदीची असते. संस्थेच्या वाढीबरोबर ती वाढू शकत नाही, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. फायरफॉक्स (२००४) व इंटरनेट एक्स्प्लोअररची सातवी आवृत्ती (२००६) यांच्यामुळे ब्राउझरमधील टॅब सर्वपरिचित झाले. ते टॅब वापरकर्ता स्वतःच्या सोयीने उघडतो व बंद करतो. पृष्ठाच्या आतील टॅब मात्र रचनाकाराने ठरविलेले असतात. वापरकर्त्याला ती विभागणी स्वीकारावी लागते. म्हणून तिची जबाबदारीही रचनाकारावर येते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

३. टॅबची कार्यपद्धती व तिची किंमत

टॅबरचनेचे तीन घटक असतात : शीर्षकांची पट्टी, त्यांपैकी निवडलेले शीर्षक आणि त्याखालील मजकुराचे पटल. निवडलेले शीर्षक पटलाशी जोडलेले व इतरांहून ठळक दिसावे लागते. तसे ते दिसले तर वापरकर्त्याला ‘आपण कोठे आहोत’ व ‘आणखी काय उपलब्ध आहे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका दृष्टिक्षेपात मिळतात. टॅबचे खरे सामर्थ्य यात आहे.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. पहिली किंमत म्हणजे अदृश्यता. जो टॅब उघडला नाही त्याखालील मजकूर वापरकर्त्याच्या लेखी नसल्यासारखाच असतो. अनेक वापरकर्ते प्रथम उघडलेल्या पटलावर आपले काम झाले असे समजून थांबतात. दुसरी किंमत म्हणजे स्मरणाचा भार. एका टॅबवरील आकडा दुसऱ्या टॅबवरील आकड्याशी पडताळावयाचा असेल तर तो मनात धरून ठेवावा लागतो अथवा कागदावर उतरवून घ्यावा लागतो.

या संदर्भात जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या प्रसिद्ध निबंधाचा दाखला देऊन ‘टॅबची संख्या सातहून अधिक नसावी’ असे सांगितले जाते. हा दाखला योग्य ठिकाणी दिलेला नाही. मिलर यांचे विवेचन तात्पुरत्या स्मरणाच्या मर्यादेविषयी होते. पट्टीवरील शीर्षके तर डोळ्यांसमोर असतात. ती लक्षात ठेवावी लागत नाहीत. त्यांच्या संख्येवरील मर्यादा पट्टीची रुंदी व वाचनास लागणारा वेळ यांतून येते. स्मरणाची मर्यादा खरी लागू पडते ती झाकल्या गेलेल्या मजकुराला. म्हणजे टॅब किती आहेत यापेक्षा एका प्रश्नाच्या उत्तरासाठी किती टॅब उघडावे लागतात, हे मोजणे अधिक महत्त्वाचे ठरते.

४. गाव नमुने : कागदावरील विभागणी

महाराष्ट्राच्या महसुली हिशेबपद्धतीत गाव पातळीवर १ ते २१ क्रमांकांचे नमुने ठेवण्यात येतात. त्यांपैकी गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक होय. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, आकारणी तसेच कुळ, खंड व इतर अधिकार यांची नोंद असते. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही असून तीत वर्ष, हंगाम, पीक, त्याखालील क्षेत्र, सिंचनाचे साधन इत्यादी तपशील असतो. हे दोन भिन्न नमुने आहेत. त्यांतील नोंदींचे स्वरूप भिन्न आहे आणि त्या बदलण्याचा वेगही भिन्न आहे : मालकी पिढीत एखाद्या वेळी बदलेल, पीक दर हंगामाला बदलते. केवळ नोंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दोन स्वतंत्र वह्या असणे स्वाभाविक ठरेल.

असे असूनही लोकांच्या हाती येतो तो या दोहोंचा मिळून एक उतारा. ‘सातबारा’ हे नावच त्या जोडणीतून आले आहे. जमिनीविषयी विचारणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारीत असतो : ही जमीन कोणाची आहे, तिच्यावर कोणाचा हक्क किंवा बोजा आहे आणि तीत काय पिकते? खरेदीदार, कर्ज देणारी सोसायटी, पीकविमा घेणारा शेतकरी या सर्वांना कमी-अधिक फरकाने हीच माहिती एकत्र लागते. नोंदी दोन वह्यांतील असल्या तरी प्रश्न एक आहे. म्हणून उतारा एक आहे.

याउलट गाव नमुना ८-अ स्वतंत्र ठेवलेला आहे. त्यात एका खातेदाराकडे त्या गावात असलेल्या सर्व गटांची यादी मिळते. सातबारा गटापासून सुरू होतो, तर आठ-अ खातेदारापासून. ‘या गटात काय आहे’ व ‘या व्यक्तीकडे काय आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नगर भूमापन झालेल्या क्षेत्रातील मिळकतीसाठी असणारे मालमत्ता पत्रक हेही असेच स्वतंत्र आहे. कारण एखादी मिळकत पाहताना बहुधा सातबारा लागतो किंवा मालमत्ता पत्रक लागते.

तिसरा प्रकार गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीचा. वारस, खरेदी, वाटप, बोजा यांमुळे होणारे बदल तेथे सविस्तर लिहिले जातात. हा सर्व तपशील सातबाऱ्यावर उतरविला तर उतारा वाचता येणार नाही. म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाशी केवळ फेरफाराचा क्रमांक दिलेला असतो. ज्याला खोलात जावयाचे आहे तो त्या क्रमांकाने नोंदवहीत जातो. संगणकीकृत उताऱ्यावर फेरफार प्रलंबित आहे किंवा नाही हेही दर्शविले जाते. तपशील दूर ठेवला, परंतु तो अस्तित्वात असल्याची खूण मात्र समोर ठेवली, असे या योजनेचे स्वरूप आहे.

अशा रीतीने गाव नमुन्यांच्या व्यवस्थेत मजकुराचे परस्परसंबंध तीन प्रकारे हाताळलेले दिसतात : जे एकत्र वाचावयाचे ते एका कागदावर, जे पर्यायाने वाचावयाचे ते वेगळ्या कागदावर, आणि जे क्वचित लागते ते दूर, पण त्याची खूण जवळ. टॅब हे यांपैकी केवळ दुसऱ्या प्रकारासाठीचे साधन आहे.

५. हीच व्यवस्था पडद्यावर

राज्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर अभिलेख पाहताना सातबारा, आठ-अ व मालमत्ता पत्रक हे पर्याय वेगवेगळे ठेवलेले असतात. नाशिक जिल्ह्यातील जमीन पाहणाऱ्याला जिल्हा, १५ तालुक्यांपैकी एक तालुका आणि गाव असा क्रम पार करावा लागतो. येथे दोन भिन्न रचना दिसतात. अभिलेखाचा प्रकार ही पर्यायांमधील निवड आहे आणि टॅबला अनुकूल आहे. जिल्हा–तालुका–गाव हा मात्र क्रम आहे. तालुका ठरल्याशिवाय गावांची यादीच तयार होत नाही. त्यामुळे तेथे टॅब निरुपयोगी असून क्रमाने उघडणाऱ्या याद्याच योग्य ठरतात.

आता केवळ विवेचनासाठी अशी कल्पना करावी की, एखाद्या रचनाकाराने सातबाऱ्याचाच पडदा ‘भोगवटादार’, ‘इतर अधिकार’, ‘पीक’ व ‘फेरफार’ अशा चार टॅबमध्ये विभागला. पडदा नीटनेटका दिसेल. परंतु दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबाग विकत घेऊ पाहणारी व्यक्ती प्रथम उघडलेल्या टॅबवर विक्रेत्याचे नाव पाहून समाधान पावण्याची शक्यता आहे. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता यांसारख्या नोंदी ‘इतर अधिकार’ या टॅबखाली राहतील. माहिती लपविण्याचा कोणाचाही हेतू नसताना ती लपली जाईल. कागदी उताऱ्यावर हे घडणे कठीण असते; कारण नाव वाचताना डोळा शेजारच्या रकान्यावरून गेल्यावाचून राहत नाही.

पिकाच्या नोंदीचे महत्त्वही असेच आहे. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्यासाठी राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये व प्रति शेतकरी कमाल २०० क्विंटल या मर्यादेत अनुदान जाहीर केले. त्यासाठी विक्रीपट्टीसोबत कांदा पिकाची नोंद असलेला सातबारा मागण्यात आला. म्हणजे ७० हजार रुपयांपर्यंतची रक्कम नमुना १२ मधील एका ओळीशी जोडली गेली होती. लासलगावसारखी बाजारपेठ असलेल्या जिल्ह्यात या ओळीचे मोल वेगळे सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली आहे. त्यामुळे नोंद झाली आहे किंवा नाही हे तपासण्याची जबाबदारीही बऱ्याच अंशी शेतकऱ्यावर आली आहे. अशा वेळी मालकी पाहताना पिकाचा रकाना रिकामा आहे हे सहज नजरेस पडणे हे त्याच्या हिताचे असते. रिकामा रकाना दिसतो. न उघडलेला टॅब दिसत नाही.

६. टॅबच्या उपयोजनाचे निकष

वरील विवेचनावरून टॅब केव्हा योजावा याविषयी पुढील निकष मांडता येतात.

(अ) पटलांतील मजकूर परस्परांस पर्यायी असावा. एका वेळी एकाच पटलाची गरज असेल तरच टॅब योग्य होय. दोन पटलांची तुलना अपेक्षित असल्यास ती एकाच पृष्ठावर अथवा एका तक्त्यात असावीत.

(आ) सर्व पटले एकाच विषयाची व समान पातळीची असावीत. ‘कला शाखा’, ‘वाणिज्य शाखा’, ‘विज्ञान शाखा’ ही शीर्षके समपातळीची आहेत. त्यांच्या रांगेत ‘संपर्क’ हे शीर्षक बसत नाही.

(इ) मजकुरास आवश्यक क्रम नसावा. प्रवेशअर्जासारख्या कामात एका भागावर पुढचा भाग अवलंबून असतो. तेथे क्रमांकित टप्पे दाखवावेत. टॅब वापरल्यास विद्यार्थी कोणताही भाग आधी भरतो आणि शेवटी ‘अर्ज अपूर्ण आहे’ एवढाच संदेश मिळतो. चूक कोणत्या टॅबखाली आहे हे त्याला कळत नाही. काही कारणाने अर्जात टॅब ठेवावेच लागले, तर अपूर्ण टॅबच्या शीर्षकावर तशी स्पष्ट खूण असावी. तसेच ‘जतन करा’ हे बटण एका पटलापुरते आहे की सर्व अर्जासाठी, हे संदिग्ध ठेवू नये.

(ई) पट्टी एकाच रांगेत मावावी. दोन रांगा झाल्यास खालच्या-वरच्या रांगांचा पटलाशी संबंध कळेनासा होतो. टॅबच्या आत पुन्हा टॅब देणे हेही शक्यतो टाळावे.

(उ) अत्यावश्यक सूचना टॅबखाली ठेवू नये. अंतिम तारीख, शुल्क, अटी, प्रलंबित त्रुटी ही माहिती पट्टीच्या वर, सर्व टॅबना समान अशा जागेत असावी.

(ऊ) छपाई व शोध यांचा विचार व्हावा. अनेक पृष्ठांत न उघडलेल्या टॅबखालील मजकूर छापला जात नाही आणि ब्राउझरच्या शोधातही सापडत नाही. ज्या माहितीची प्रत कार्यालयात सादर करावयाची असते, तिच्यासाठी संपूर्ण मजकुराचे एकसलग पृष्ठ स्वतंत्रपणे उपलब्ध असावे.

मराठी इंटरफेसच्या बाबतीत आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. रोमन लिपीसाठी आखलेल्या पट्टीची उंची देवनागरीला अपुरी पडते. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार वरून आणि उकार व जोडाक्षरांचे भाग खालून कापले जातात. अक्षरांमधील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. इंग्रजीत निवडलेले शीर्षक मोठ्या लिपीतील अक्षरांनी वेगळे दाखविता येते. देवनागरीत तशी सोय नसल्याने ठसा, अधोरेषा व पार्श्वभूमी यांचा आधार घ्यावा लागतो. शीर्षके शब्दशः भाषांतराने लांबतात. ‘आवश्यक कागदपत्रांविषयीची माहिती’ याऐवजी ‘कागदपत्रे’ एवढे पुरते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब शीर्षके अर्धवट कापली जातात किंवा कडेबाहेर जातात. अशा ठिकाणी एकाखाली एक उघडणारी शीर्षके अधिक सोयीची ठरतात. त्यात दोन भाग एकाच वेळी उघडे ठेवण्याची मुभाही देता येते.

७. सुगम्यतेचा प्रश्न

टॅबची संपूर्ण कल्पना डोळ्यांना दिसणाऱ्या रूपकावर उभी आहे. दृष्टिबाधित विद्यार्थी पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने पृष्ठ ऐकतो. त्याला पट्टी, निवडलेले शीर्षक व पटल यांतील नाते शब्दांत सांगितले जाणे आवश्यक असते. यासाठी महाजालाची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २०१४ मध्ये मान्य केलेल्या एरिया या मानकात टॅबपट्टी, टॅब व पटल यांसाठी स्वतंत्र भूमिका निश्चित केल्या आहेत. त्यांचा वापर केल्यास ‘पाचपैकी दुसरा टॅब, निवडलेला’ अशा आशयाची सूचना ऐकू येते. माऊस न वापरणाऱ्यांसाठी कळफलकावरील बाणाच्या कळांनी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता यावे, असा संकेत आहे. निवडलेला टॅब केवळ रंगाने दर्शविल्यास रंगभेद न ओळखणाऱ्या व्यक्तीस तो कळत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ व शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून असलेली मार्गदर्शक तत्त्वे यांमुळे भारतात हा विषय सौजन्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. महाविद्यालयांनी संकेतस्थळ तयार करून घेताना या बाबींचा करारातच अंतर्भाव करणे इष्ट होय.

८. महाविद्यालयीन संदर्भातील उपयोजन

महाविद्यालयाच्या प्रवेशविषयक पृष्ठाचे उदाहरण घेता येईल. ‘पात्रता’, ‘शुल्क’, ‘कागदपत्रे’, ‘वेळापत्रक’ असे चार टॅब करून प्रत्येकाखाली सर्व अभ्यासक्रमांची माहिती देण्याची रीत सामान्यपणे आढळते. ही विभागणी माहिती पुरविणाऱ्या कार्यालयाच्या सोयीची आहे. कारण शुल्काचा तपशील लेखा विभागाकडून येतो आणि पात्रतेचा प्रवेश समितीकडून. विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र ‘बी.कॉम.ला मला प्रवेश मिळेल का, खर्च किती येईल व काय आणावे लागेल’ असा एकसंध असतो. त्याला चारही टॅब उघडून प्रत्येकातून आपली एक ओळ वेचावी लागते. येथे अभ्यासक्रमानुसार टॅब करून प्रत्येकाखाली पात्रता, शुल्क, कागदपत्रे व वेळापत्रक एकत्र द्यावे. सातबारा गटनिहाय असतो आणि त्या गटाचे सर्व काही एका ठिकाणी सांगतो. त्याच न्यायाची ही रचना आहे.

दुसरे उदाहरण राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित चौकटीचे आहे. तीत स्वयंमूल्यांकन अहवाल सात निकषांत विभागलेला होता. प्रत्येक निकषाचे काम महाविद्यालयात बहुधा वेगळ्या समितीकडे असे. त्यामुळे भरणाऱ्याच्या दृष्टीने निकषनिहाय विभागणी योग्य होती. परंतु विद्यार्थिसंख्या, शिक्षकसंख्या यांसारखे आकडे अनेक निकषांना लागत. प्रत्येक निकषात ते स्वतंत्रपणे भरले तर विसंगती अटळ ठरली असती. त्या चौकटीत असे पायाभूत आकडे ‘विस्तारित प्रोफाइल’ या वेगळ्या भागात एकदाच घेतले जात. सर्व पटलांना लागणारी माहिती पटलांच्या बाहेर ठेवावी, हे तत्त्व येथे दिसते. महाविद्यालयांतर्गत माहिती गोळा करण्यासाठी प्रणाली तयार करतानाही ते पाळता येईल.

विभागणी तपासण्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. कार्यालयाच्या खिडकीशी आठवडाभर विचारले जाणारे प्रश्न आहेत त्या शब्दांत लिहून काढावेत. एका बाजूस हे प्रश्न व दुसऱ्या बाजूस प्रस्तावित टॅब असा तक्ता करावा आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी जे टॅब उघडावे लागतील त्यांच्यापुढे खूण करावी. बहुतेक ओळींत एकच खूण आली तर विभागणी योग्य आहे. एखाद्या वारंवार येणाऱ्या प्रश्नासमोर दोन-तीन खुणा पडल्या, तर ते टॅब एकत्र करावेत किंवा विभागणीचा आधारच बदलावा. त्यानंतर चार-पाच विद्यार्थ्यांना कागदावरील आराखडा देऊन ‘अमुक माहिती कोठे असेल’ असे विचारावे. संगणकशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांना हा एक उत्तम प्रकल्प होऊ शकतो. ग्रंथपाल व कार्यालयीन कर्मचारी यांचाही त्यात सहभाग असावा, कारण प्रश्नांचा खरा संग्रह त्यांच्यापाशी असतो.

९. निष्कर्ष

टॅब हे आशयाच्या वर्गीकरणाचे उपयुक्त साधन आहे. परंतु ते विभागणीबरोबर झाकणही घालते. म्हणून टॅबची योजना करताना ‘मजकुराचे भाग किती पडतात’ यापेक्षा ‘वाचणाऱ्याचा प्रश्न कितव्या टॅबवर पूर्ण होतो’ हा निकष प्रधान मानावा. पर्यायी मजकुरासाठी टॅब, एकत्र वाचावयाच्या मजकुरासाठी एक पृष्ठ, क्रमबद्ध कामासाठी टप्पे आणि दूरच्या तपशिलासाठी स्पष्ट खूण, अशी साधनांची विभागणी करता येते.

गाव नमुना ७ व गाव नमुना १२ एका उताऱ्यावर आणणाऱ्या पद्धतीपुढे संगणकाचा पडदा नव्हता. जमिनीविषयी विचारणारा माणूस मात्र होता. नोंदवह्या वेगळ्या ठेवूनही उत्तर एकत्र देता येते, हे तिने दाखवून दिले. महाविद्यालयांच्या संगणकीय प्रणालींत माहितीची साठवण अनेक ठिकाणी, अनेक विभागांकडे असणे अपरिहार्य आहे. तीच विभागणी विद्यार्थ्याच्या पडद्यावर उतरविणे मात्र अपरिहार्य नाही.